कोठडीत राहून पुस्तक लिहिणारी आवा : कुणाला माहीत आहे का?

माजघर

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे लोणच्याच्या आणि कुंडीतल्या गवती चहाच्या धाग्यांवर असते, त्यामुळे हा विषय पाहून काहींना वाटेल काकू वाट चुकली. तसंच झालंय थोडं.

माझा धाकटा ऑस्ट्रियात क्रेम्सला असतो. डॅन्यूब नदीकाठचं गाव, समोरच्या तीरावर डोंगर आणि डोंगरावर ग्योटवाइगचा मठ. मठ एवढा मोठा की स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायचा, पिवळट रंगाचा, राजवाड्यासारखा. दीड महिना त्याच्याकडे होते. शेवटच्या आठवड्यात एकटीच आगगाडीत बसून नदीपलीकडे गेले. एकटीने तिकीट काढलं, जर्मनमधून विचारलं, आणि खिडकीपलीकडच्या माणसाने उत्तर जर्मनमधूनच दिलं, इंग्रजीत नाही! (ज्यांनी साठीत भाषा शिकायला घेतली आहे त्यांना या वाक्याचं मोल कळेल.)

मठाच्या डोंगराच्या पायथ्याशी क्लाइन-वीन नावाची वस्ती आहे. क्लाइन-वीन म्हणजे धाकटं व्हिएन्ना, पण घरं मोजून काढता येतील इतकीच. तिथे एक जुना दगडी मनोरा आहे, त्याला आवाचा मनोरा म्हणतात. एक आजी कुत्र्याला घेऊन चालली होती, तिला विचारलं ही आवा कोण. तिने हळूहळू, माझ्यासारखीला कळेल असं सांगितलं : फ्राऊ आवा, कवयित्री, ११२७ साली वारली, जर्मन भाषेत लिहिणारी नावानिशी माहीत असलेली पहिली बाई. आणि ती ‘इन्क्लूझा’ होती. हा शब्द सांगताना आजीने हाताने चारी बाजूंना भिंती करून दाखवल्या. मग म्हणाली, दोन मुलं होती तिला. आणि दोन बोटं वर केली.

त्या चार भिंती आणि ती दोन बोटं काही डोक्यातून जाईनात.

तर प्रश्न असे : भिंती म्हणजे खरोखर चिणून टाकायचे का? मुलंबाळं असलेली बाई अशी आत कशी गेली? नवऱ्याचं काय? आत बसून तिला लिहायला शिकवलं कुणी? मुलाला विचारलं तर तो म्हणाला, आई, मी सिमेंटच्या कंपनीत आहे. आणि तिचं लिखाण आज वाचायला मिळतं का, माझ्या मोडक्या जर्मनला झेपेल असं?

पोस्टात एकतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे पत्ता अर्धवट असला की चैन पडत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

टवाळ_कार्टा

काकू, ‘आवा चालली पंढरपुरा, वेशीपासुन आली घरा’ ही ऐकली होती. दही-दूध, सुना, शेणगोठा यांच्यात जीव अडकून वेशीवरून परत फिरलेली. ही आवा वेशीवरून परत न फिरता थेट आतून कडी लावून बसलेली दिसते.

बाकी चिणणं वगैरे अनारकली छाप प्रकरण वाटतंय. दौतकाका कुठे आहेत? त्यांना कुणीतरी हाक मारा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

रिकामी_दौत

आलो. हाक मारल्याशिवाय येत नाही असं नाही, पण मोतीबिंदूचं नुकतंच झालंय, स्क्रीनपुढे फार वेळ बसू देत नाहीत. हे दोन बैठकांत लिहितोय, सलग वाटलं नाही तर चालवून घ्या.

माजघरताई, आधी तुमच्या चार भिंती.

इन्क्लूझा हा लॅटिन शब्द, ‘आत बंद केलेली’. चर्चच्या भिंतीला लागून एक खोली बांधायची, त्यात बाईने (पुरुषही असत, पण बायका जास्त) स्वतःच्या इच्छेने शिरायचं आणि मरेपर्यंत बाहेर यायचं नाही. बिशपची परवानगी लागे. आत जाताना मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणत, म्हणजे जगाच्या हिशेबी ती बाई त्या दिवशी मेली. दार बंद करून मोहोर लावत किंवा बांधून काढत. इथवर अनारकली. पुढे नाही. कारण खिडक्या असत. बव्हेरियातल्या एका जुन्या नियमात बारा फूट लांब, बारा फूट रुंद अशी दगडी खोली आणि तीन खिडक्या सांगितल्या आहेत : एक चर्चमध्ये उघडणारी, तिच्यातून प्रसाद घ्यायचा, दुसरी अन्न आत येण्यासाठी, तिसरी उजेडासाठी, काच किंवा शिंगाचा पातळ पत्रा लावलेली. बाहेर मोलकरीण असे, ती जेवण आणून देई, घाण बाहेर नेई. लोक सल्ला विचारायला खिडकीशी येत. इंग्लंडमध्ये अशा बायकांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात तर मांजर पाळायला परवानगी आहे, गाय नको म्हणून बजावलंय, कारण गाय दुसऱ्याच्या कुरणात शिरली की भांडणं. म्हणजे कुणीतरी गाय पाळून बघितली असणार!

तेव्हा तुरुंग डोळ्यांपुढे आणू नका. गावाच्या मधोमध, सर्वांत वर्दळीच्या इमारतीला चिकटून एकटं राहणं, असं ते होतं. अरण्यात गेलेल्या तपस्व्याच्या बरोबर उलटं.

आवा कुठे बंद होती? ग्योटवाइगच्या परिसरात किंवा मेल्कला, असं मानतात. मेल्क म्हणजे तिथून नदीने वरच्या अंगाला, तिथेही मोठा मठ आहे. मनोऱ्यावरून तुम्ही निश्चित काही ठरवू नका, ती स्थानिक आठवण आहे. लेखी पुरावा म्हणजे मेल्कच्या मठातल्या वर्षवार नोंदी. ११२७ च्या पुढे तीन शब्द : ‘आवा इन्क्लूझा ओबीत’. आवा, कोंडून घेतलेली, वारली. आजूबाजूच्या मठांच्या मृत्यूनोंदींतही तिचं नाव येतं, तारीख ७ फेब्रुवारी. त्या दिवशी तिच्यासाठी प्रार्थना म्हणायची, यासाठी या नोंदी ठेवत. पोस्टातल्या बाईला नोंदवहीचं महत्त्व मी काय सांगणार.

काळ समजून घ्यायचा तर एवढं लक्षात ठेवा : तुम्ही खिडकीतून पाहिलात तो राजवाडा १७१८ च्या आगीनंतरचा. आवाच्या वेळी तिथे पासाऊचा बिशप आल्टमान याने १०८३ मध्ये स्थापलेला नवाकोरा मठ होता. पोप आणि सम्राट यांची जुंपली होती, आल्टमान पोपच्या बाजूचा म्हणून त्याला स्वतःच्या गादीवरून पळावं लागलं होतं. १०९४ ला तिथे बेनेडिक्टाइन साधू आले. जवळच साध्वींचंही घर होतं. मठ बांधला जात असताना आवा विशी-तिशीत असेल, तिचा जन्म १०६० च्या सुमाराचा धरतात. म्हणजे दगड वाहून नेणाऱ्या गाड्या तिने पाहिल्या असणार.

नवऱ्याबद्दल तिने एक अक्षर लिहिलेलं नाही. तेव्हा लग्न, मुलं, वैधव्य, आणि मग उरलेल्या आयुष्यात चर्चच्या भिंतीशी खोली, असा क्रम बऱ्याच बायकांचा असे. तिचाही तसाच असावा. ती कुठल्या पंथाची व्रतस्थ साध्वी असायलाच पाहिजे असं नाही. घरदार सांभाळलेली बाई असूनही आत जाता येई.

जेवायला हाक आली. उरलेलं संध्याकाळी.

---

रिकामी_दौत

पुढे.

तिची पुस्तकं. पद्यात आहेत, सगळी मिळून ३३८८ ओळी मोजतात. पहिलं ‘योहानेस’, म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान. त्याचे म्हातारे आईबाप जखऱ्या आणि अलीशिबा, त्यांना उतारवयात मूल होतं, तिथून सुरुवात. दुसरं येशूचं चरित्र, हे सर्वांत मोठं, त्याच्या शेवटी पवित्र आत्म्याच्या सात देणग्या. मग ख्रिस्तविरोधकावर छोटं प्रकरण, आणि शेवटी न्यायाचा दिवस. योहानाच्या जन्माआधीपासून जगाच्या अंतापर्यंत, एका हाताने, सलग. बारा फुटी खोलीत बसून तिने घेतलेला आवाका पाहा.

ताई, तुम्ही विचारलंत शिकवलं कुणी. याचं उत्तर तिनेच दिलंय, आणि मला पन्नास वर्षांपूर्वी ते वाचून जे झालं ते अजून होतं. जर्मनीत शिकायला होतो. थंडीचे दिवस, हीटरला चिकटून बसलेली आम्ही सात-आठ पोरं. आमचे प्राध्यापक जुने ग्रंथ वाचून दाखवताना पुस्तक मिटून ठेवायचे आणि पाठ म्हणायचे. त्यांनी न्यायाच्या दिवसाचा शेवट म्हटला. स्वर्ग-नरकाचा सगळा दणदणाट संपल्यावर एकदम आवाज खाली येतो :

दित्से बुओख दिख्तोते
त्स्वायर खिंदे मुओतेर.
दिऊ सागेतेन इर दिसेन सिन,
मिखेल मांदुंगे वास उंदर इन.
देर मुओतेर वारेन दिऊ खिंत लिएप,
देर आइने फोन देर वेर्ल्त शिएत.

अशा चौदा ओळी आहेत. मी मराठी असं करतो, यमक सोडून :

हे पुस्तक रचलं
दोन लेकरांच्या आईने.
त्यांनीच तिला हा अर्थ सांगितला,
मोठी मांदुंगे होती त्यांच्यात.
आईला लेकरं लाडकी,
त्यांतला एक जग सोडून गेला.
आता तुम्हा सगळ्यांना विनवते,
थोरांना आणि लहानांना,
जो कुणी हे पुस्तक वाचेल
त्याने त्याच्या जिवाला कृपा मागावी.
आणि जो एक अजून आहे,
कष्टांत झगडतो आहे,
त्याच्यासाठी कृपा मागा,
आणि आईसाठी. ती आवा.

मांदुंगे हा शब्द मुद्दाम ठेवलाय. आनंद, पण आतून उसळणारा, चारचौघांत वाटला जाणारा. आजच्या जर्मनमध्ये तो मेला. मला मराठीत एका शब्दात सापडला नाही. सुचला तर सांगा.

तर शिकवलं मुलांनी. ‘सिन’ म्हणजे मर्म, मथितार्थ. मुलगे शिकलेले असणार, बहुधा धर्मशास्त्र शिकलेले, लॅटिन जाणणारे. त्यांनी ग्रंथांचा अर्थ उलगडून सांगितला आणि आईने तो आपल्या भाषेत रचला. आता खिडकी आठवा, चर्चमध्ये उघडणारी. आवाचं येशूचरित्र कुठल्या एका शुभवर्तमानाच्या पाठोपाठ जात नाही. चर्चमध्ये वर्षभरात सणावारी जे उतारे वाचले जातात, त्यांच्याशी ते जुळतं असं अभ्यासकांनी दाखवलंय. म्हणजे एका खिडकीतून लॅटिन ऐकू येतंय, दुसऱ्या खिडकीशी मुलगा बसून अर्थ सांगतोय. हे चित्र माझं, कागदोपत्री नाही. पण मला ते मोडता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. शेवटच्या जोडीत ‘ग्नादेन’ आणि ‘आवा’ यांचं यमक आहे. आजच्या कानाला ढिलं वाटेल, पण तेव्हा असं स्वरांवर भागवत. ‘ग्नादे’ म्हणजे कृपा. तिने नाव ओळीच्या शेवटी, यमकाच्या जागी, कृपेच्या जोडीला बसवलं. आपल्याकडे अभंगात शेवटी ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ येतं, ती म्हणणाऱ्याची मोहोर. आवाचं नाव तसं येत नाही. ती काही ‘म्हणत’ नाही, यादीत उभी राहते : मेलेला मुलगा, जिवंत मुलगा, आणि शेवटी आई. ताटं वाढून झाल्यावर आई बसते तशी.

थांबतो. डोळ्यात थेंब घालायचे आहेत.

---

टवाळ_कार्टा

टवाळी मागे घेतो. पॉपकॉर्न मऊ पडलं.

---

शंकासुर

लेख सुंदर, पण सवयीप्रमाणे खडा टाकतो.

१. पुस्तकाच्या शेवटी फक्त ‘आवा’ आहे. मठाच्या वहीत ‘आवा इन्क्लूझा’ आहे. या दोघी एकच कशावरून? कवितेत ती कोंडून घेतल्याचं कुठे म्हणते?

२. पहिली, पहिली म्हणताना जपून. गांडर्सहाइमची रोझविथा हिच्या दीडशेक वर्षं आधी नाटकं लिहून गेली.

३. आणि ती मुलं कोण, हे कुणी शोधलं नाही का? आठशे-नऊशे वर्षं जर्मन लोक गप्प बसतील असं वाटत नाही.

---

रिकामी_दौत

शंकासुरा, तुझ्यामुळे या स्थळाची इभ्रत टिकून आहे.

एक : बरोबर आहे, कवितेत ती कोंडून घेतल्याचं कुठेच म्हणत नाही. नाव एक, काळ एक, भाषेवरून मुलूख एक, आणि त्या मुलखात हे नाव तेव्हा क्वचितच आढळतं. त्यावरून दोघी एकच, असं बहुतेक सगळे धरून चालतात. सिद्ध म्हणू नकोस, पण कच्चंही म्हणू नकोस. एवढ्या मठांनी एका कोठडीतल्या बाईची मृत्यूतिथी लिहून ठेवावी, म्हणजे ती काहीतरी करून गेली होती.

दोन : रोझविथा दहाव्या शतकातली, बरोबर, पण तिने लिहिलं लॅटिनमध्ये. आवाचं पहिलेपण जर्मन भाषेपुरतं. त्यातही ‘जिचं नाव ठाऊक आहे अशी पहिली’. बिननावाच्या कोण किती असतील.

तीन : गप्प कसले बसतात! एकोणिसाव्या शतकात एकाने हार्टमान नावाचा कवी धरला, मेल्कचा हाइनरिश नावाचा दुसरा कवी धरला, दोघांना आवाच्या पोटी घातलं आणि कुटुंब पूर्ण केलं. ग्योटवाइगच्या एका मठाधिपतीचं नाव हार्टमान, तो १११४ ला वारला, ‘एक जग सोडून गेला’ त्यात छान बसतं. इतकं छान की संशय यावा. आज हे कुणी मानत नाही. आईने मुलांची नावं सांगितली नाहीत, विषय संपला.

तू न विचारलेला चौथा मुद्दा मीच देतो. तिच्या कवितांच्या जुन्या प्रती दोनच माहीत होत्या. एक ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात फोराऊच्या मठात, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, चामड्याच्या पानांची. त्या एका बाडात त्या काळच्या जर्मन कवितांचा खजिना आहे. दुसरी जर्मनीच्या पूर्व टोकाला ग्योर्लिट्झला होती, चौदाव्या शतकातली, चित्रं काढलेली. फोराऊच्या प्रतीत ‘योहानेस’ नाही. ग्योर्लिट्झच्या प्रतीत तो होता, पण शेवटच्या त्या चौदा ओळी नव्हत्या! ग्योर्लिट्झची प्रत दुसऱ्या महायुद्धात गेली. नशिबाने १८३० मध्ये तिचा मजकूर छापून झाला होता, म्हणून ‘योहानेस’ राहिला.

आता उलटं समज. फोराऊची प्रत गेली असती आणि ग्योर्लिट्झची राहिली असती, तर आपल्याकडे कविता असती आणि कवयित्री नसती. कुणा साधूने लिहिली म्हणून मोकळे झालो असतो.

---

डोंगरवारा

मी स्वित्झर्लंडमध्ये सांक्ट गालेनला राहते, नोकरीनिमित्त अकरा वर्षं झाली. एरवी फक्त वाचनमात्र आहे, पण इन्क्लूझा म्हटल्यावर राहवलं नाही, कारण आमच्या गावची एक आहे.

तिचं नाव विबोराडा. आवाच्या दोनशे वर्षं आधीची. सांक्ट मांगेन नावाच्या चर्चला लागून तिची कोठडी होती. ९२६ साली हंगेरियन टोळ्या येणार अशी कुणकुण लागली तेव्हा तिने मठाधिपतीला निरोप दिला की आधी ग्रंथ हलवा, मग बाकीचं सोनंनाणं. ग्रंथ वाचले, लोक वाचले. तिला सगळ्यांनी विनवलं, बाहेर ये. ती आली नाही. टोळीवाल्यांनी छप्पर फोडून तिला मारलं. १०४७ मध्ये पोपने तिला संतपद दिलं. रोमच्या रीतसर प्रक्रियेने संत ठरलेली ती पहिली बाई मानतात. चित्रांत तिच्या एका हातात पुस्तक आणि दुसऱ्यात परशू असते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं ग्रंथपालच चिडून परशू घेऊन उभी आहे, उशिरा पुस्तक आणलं म्हणून.

सांगायचं ते वेगळंच. २०२१ पासून इथे वसंतात त्याच चर्चशेजारी लाकडी कोठडी उभी करतात आणि आजच्या काळातली माणसं एकेक आठवडा आत राहतात. दार बंद. दिवसातून ठरावीक वेळी खिडकी उघडते, तेव्हा कुणीही जाऊन बोलावं. मी एकदा ऑफिस सुटल्यावर गेले होते. पुढे तीन जण होते. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आत एक मध्यमवयीन बाई, चष्मा, साधा स्वेटर. म्हणाली, घाई नाही. मी म्हटलं, मला काही विचारायचं नाहीये, नुसतं बघायला आले होते. ती म्हणाली, मीही. पाच मिनिटं आम्ही इकडचं तिकडचं बोललो, पाऊस, माझं गाव, तिचं गुडघ्याचं दुखणं. शेवटी मीच तिला आईच्या आजारपणाचं सांगून बसले, जे ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

दौतकाका म्हणतात की हे अरण्यात जाण्याच्या उलटं आहे, ते मला तिथे कळलं. आत बसलेली व्यक्ती कुठेच जाणार नसते, म्हणून लोक येतात. घरातली अंथरुणाला खिळलेली आजी कशी सगळ्या गल्लीचं ऐकून घेते, तसं.

---

शंकासुर

डोंगरवारा, वाचनमात्र राहू नका, लिहा.

दौतकाका, एक शेवटचं. तिच्या कवितेत ‘बाईचं’ असं काही दिसतं का, की हे आपण आज चिकटवतो?

---

रिकामी_दौत

चिकटवायची भीती मलाही वाटते, म्हणून एकच जागा दाखवतो.

येशूला क्रुसावरून उतरवतात तिथे. मूळ ग्रंथात अरिमथाईचा योसेफ नावाचा सज्जन माणूस प्रेत मागून घेतो आणि पुरतो. आवा गोष्ट सांगता सांगता थांबते आणि थेट त्या योसेफालाच हाक मारते. ‘ओवी योझेफ देर गुओते!’ म्हणजे, बाबा योसेफा, भल्या माणसा, तू माझ्या धन्याला क्रुसावरून उतरवलंस तेव्हा मी जिवंत असते तर तुला घट्ट चिकटून राहिले असते, त्याला मूठमाती देताना. मग निकोदेमसकडे वळते. मग मग्दालियाकडे.

मी जिवंत असते तर चिकटून राहिले असते. ‘गेक्लेबेत’ हा तिचा शब्द, डिंकाने चिकटावं तसा. दरबारी कवीने तिथे भरजरी विलाप घातला असता. हिला मदतीला जायचंय. मयताच्या घरी शेजारीण पदर खोचून उभी राहते, काय आणू, पाणी तापवू का विचारते, त्यातली ही बाई. आणि लिहिते कुठून? जिथून तिला कुणाच्याही मयताला कधीच जाता येणार नव्हतं अशा खोलीतून. स्वतःच्या मुलाच्याही.

तो ती आत गेल्यावर वारला की आधी, ते तिने सांगितलेलं नाही. मी प्रत्येक वेळी वाचताना वेगळं धरतो.

माजघरताई, वाचायचं म्हणाल तर मूळ मजकूर आणि समोरच्या पानावर आजची जर्मन अशी आवृत्ती निघाली आहे, क्रेम्सच्या ग्रंथालयात चौकशी करायला मुलाला सांगा. तिची वाक्यं आखूड असतात. ‘तेव्हा ती आली, तेव्हा तिने पाहिलं.’ तुम्हाला झेपेल. माझ्या विद्यार्थ्यांना झेपत असे आणि त्यांतले निम्मे झोपलेले असत.

---

माजघर

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत असं म्हणायची पद्धत आहे, पण मला शब्दांचीच गोष्ट सांगायची आहे.

काल रविवार. दर रविवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल असतो, तिकडे त्याची पहाट, मला आपला अभ्यास तपासून घ्यायचा असतो. हा धाकटा म्हणजे लहानपणी ‘पाटीवरचं अ मोठं का काढलंस’ म्हणून मी रडवलेला. आता तो मला रडवतो. आई, ‘देम’ नाही, ‘देन’. आई, क्रियापद शेवटी. नाकावर चष्मा घेऊन, हातात कॉफीचा मग घेऊन, आणि चेहऱ्यावर तोच आव जो मी तेव्हा आणायचे.

काल त्याला म्हटलं, अभ्यास राहू दे, मी तुला वाचून दाखवते. दौतकाकांच्या सहा ओळी वाचल्या. देवनागरीतून वाचल्यामुळे असेल, पण तो म्हणाला, आई, तुझे उच्चार पहिल्यांदा बरे वाटले. मग त्याने मनातल्या मनात लावायला घेतलं. बुओख म्हणजे बूख, पुस्तक. खिंदे म्हणजे किंडर, मुलं. मुओतेर कळलंच. ‘दोन मुलांच्या आईने लिहिलं,’ तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. आम्हीही दोन मुलांचंच घर. थोरला पुण्यात, देवाच्या दयेने धडधाकट आहे, फक्त फोन उचलत नाही.

‘शिएत’ला तो थोडा अडखळला, मग लावलं त्याने, शीड, निरोप घेतला. गप्प झाला जरासा.

मांदुंगेवर अडला. दोनदा म्हणायला लावलं. इकडे मी बघतेय, मागे त्याच्या खिडकीत तोच मठ, धुक्यात अर्धा. ‘हा शब्द नाहीये आई, तू चुकीचा वाचतेस,’ म्हणाला. मी म्हटलं, नाहीये आता, पण होता. मग सांगितला अर्थ. आतून येतो तो आनंद, चौघांत वाटायचा. तो म्हणाला, थांब, लिहून घेतो. आणि खरंच लिहून घेतला, बिलाच्या पाठीमागे.

दौतकाका, मराठी शब्दासाठी मी दोन दिवस डोकं खाजवलं. उकळी म्हणावं तर फुटून जाते. उमाळा म्हणावं तर रडू येतं. माझी आई ‘हरिख’ म्हणायची. घरात बाळ आलं, पाऊस वेळेवर पडला, कुणी न सांगता दारात येऊन उभं राहिलं, की हरिख झाला. आता फारसं कुणी म्हणत नाही. चालेल का?

---

रिकामी_दौत

मोठा हरिख होता त्यांच्यात.

चालतो. वहीत बदलून घेतला.

---

टवाळ_कार्टा

काकू, थोरल्याचा नंबर खाजगी निरोपात पाठवा. फोन कसा उचलत नाही बघतो.